बसस्टँडचं छत आणि जर्मनचा गंज

गेल्या पावसाळ्यात विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर पीओपीच्या सिलिंगचा दोन हात लांबीचा तुकडा रात्रीतून खाली आला. कोणाला लागलं नाही, कारण साडेनऊनंतर तिथे गाडीच नसते. सकाळी पहिल्या गाडीसाठी मी पोचलो तेव्हा कोणीतरी बाक ओढून भिंतीला लावला होता आणि माणसं नेहमीसारखी बसली होती, मधली जागा तेवढी सोडून. पुढचे तीन आठवडे ती जागा रिकामीच राहिली. मग मजूर आले, उरलेलं सिलिंग त्यांनी घणाने पाडलं आणि ट्रॉली भरभरून मलबा गावाबाहेर नाल्याच्या काठावर ओतला. ते सिलिंग लावून सहा वर्षंही झाली नव्हती.

आता तिथे काय लावायचं, यावर चहाच्या टपरीपासून पंचायत समितीपर्यंत बोलणं चालू आहे. कोणी पीव्हीसीच्या पट्ट्या म्हणतं, कोणी म्हणतं काहीच नको. शहरातून आलेल्या एका कंत्राटदाराने ॲल्युमिनियमचं नाव काढलंय: विमानतळावर असतं तसं, पर्यावरणपूरक, कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येणारं. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि पंधरा वर्षं याच स्टँडवरून अपडाऊन करतो. माझा कौल ॲल्युमिनियमला आहे. मात्र त्याच्या माहितीपत्रकातली कारणं मला पटलेली नाहीत, आणि आपल्याकडे कामं ज्या रीतीने होतात त्या रीतीने ते लागणार असेल तर माझा त्याला विरोध आहे. हे दोन्ही एकदम कसं, ते सांगतो.

आधी उन्हाचं बोलू, कारण आपल्याकडे छताची पहिली परीक्षा मे महिन्यात होते, जुलैत होते ती दुसरी. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत हमखास असतात. हे आकडे सावलीतल्या हवेचे. भर दुपारी उघड्या टिनाचं तापमान साठ अंशांच्या वर जातं आणि तो पत्रा खाली बसलेल्या माणसावर शेगडीसारखी धग टाकत राहतो. फाट्याफाट्यावर आमदार निधीतून उभे राहिलेले टिनाचे प्रवासी निवारे दुपारी रिकामे का असतात आणि माणसं रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली का उभी असतात, याचं उत्तर त्या धगीत आहे. एका आजोबांना मी आत बसा म्हटलं, तर ते म्हणाले, ‘टिनाखाली कोन बसते बाप्पा, लिंबाखाली चाला.’ त्यांनी उष्णतेचं प्रारण कधी शिकलेलं नसेल, पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.

मार्च संपता संपता मी मुलांना कॉलेजच्या सायकल शेडमध्ये नेतो. टिनाखाली तळवा वर करून उभं राहायचं, की तळव्याला धग लागते. मग तळवा आणि टिन यांच्या मध्ये जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, चकचकीत ताट सरकवायचं. धग तिथल्या तिथे थांबते. वारा सुटलेला नसतो, ऊन उतरलेलं नसतं. कोरं, चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे बहुतेक किरण परत फेकतं, स्वतः फारच थोडे शोषतं आणि तितकेच थोडे पुढे सोडतं. गंमत अशी की त्याच ताटाला पांढरा रंग दिला तर उजेड परतवायला ते चांगलंच राहतं, पण तापलेल्या पत्र्याच्या धगीपुरता हा गुण जवळजवळ संपतो. रंगाला डोळ्यांसाठी एक स्वभाव आणि उष्णतेसाठी दुसरा.

ही बाब मी मुद्दाम लांबवतोय, कारण सगळा फायदा-तोटा इथे ठरतो. बाजारात मिळणारी बहुतेक सिलिंगची पॅनलं दोन्ही बाजूंनी रंगवलेली येतात, खालून देखणा थर आणि पाठीला एक साधा थर. आपल्या टिनाच्या शेडखाली त्या पाठीवरच खरं काम आहे. पाठ कोरी हवी, पोट पांढरं हवं. पाठीचा रंग वगळायला सांगणं अवघड नाही, पण ते निविदेत लिहावं लागतं, आणि मी पाहिलेल्या एकाही अंदाजपत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. शिवाय टिन आणि सिलिंग यांच्या मधली तापलेली हवा बाहेर पडायला वर, आढ्याजवळ, वाट पाहिजे आणि खालून, वळचणीला, थंड हवा आत यायला वाट पाहिजे. आपल्या जुन्या कवेलूच्या घरांत ही वाट आपोआप असायची, कौलाकौलामधल्या फटींतून घर श्वास घ्यायचं. टिन आलं आणि ते बंद झालं. चारही बाजूंनी गच्च बंद केलेल्या टिनाखाली कोणतंही सिलिंग लावा, वर साठलेली ऊब संध्याकाळी खाली उतरतेच. आणि पाठीवर धूळ साचली की कोरेपणाचा गुण हळूहळू जातो, म्हणून दर वर्षी एप्रिलच्या आत ती पुसली गेली पाहिजे. कापसाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांच्या रस्त्यावरचं स्टँड असेल तर वर्षातून दोनदा.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की अशा सिलिंगमुळे वातानुकूलनाची वीज वाचते. आमच्या स्टँडवर सहा पंखे आहेत, त्यातले चार चालतात. वाचवायला तिथे वीजच नाही. विमानतळाच्या हिशेबाची बेरीज तालुक्याच्या स्टँडवर मांडणं ही प्रवाशांची फसवणूक आहे. इथला फायदा वेगळा आणि माझ्या दृष्टीने मोठा आहे: माणसाला दीड तास बसवेल अशी जागा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात. तेव्हापासून माहेरी निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या, शिक्षणासाठी रोज ये-जा करणाऱ्या किती बायका आणि म्हाताऱ्या माणसांनी स्टँड भरलेलं असतं ते कोणीही जाऊन पाहावं. पैसेवाला माणूस स्वतःच्या गाडीने निघतो. टिनाखाली वाट पाहतो तो ज्याला दुसरा पर्याय नाही तो.

आवाजाचंही थोडं. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वर टिन असं हॉल असलं की घोषणेचा प्रत्येक शब्द दुसऱ्या शब्दावर आदळतो. भोकं पाडलेली पॅनलं आणि त्यामागे कापडी अस्तर असेल तर गोंगाट बराच शोषला जातो. नुसता धातू मात्र काही शोषत नाही. ‘फलाट क्रमांक’ एवढंच ऐकू येऊन पुढचा आकडा हरवल्यामुळे गाडी चुकलेली माणसं मी दर आठवड्याला पाहतो.

आता मुख्य गोष्ट, धातूची. आपल्याकडे ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम म्हणतं कोण? घरात त्याचं नाव जर्मन. जर्मनचा गंज (म्हणजे पातेलं), जर्मनची परात, जर्मनचा डबा. माझ्या आजीच्या गंजाचं बूड दोनदा बदललं होतं. तिसऱ्यांदा ते कारागिराने नाकारलं, तेव्हा तिने तो गंज दारावर आलेल्या कबाड्याला तोलून दिला आणि वर पैसे घालून भांडेवालीकडून नवा घेतला. लोखंडाचा भाव वेगळा, जर्मनचा वेगळा, हे तिला पाठ होतं. त्या गंजात कढी किंवा चिंचेचं सार रात्रभर ठेवायचं नाही, हेही पाठ होतं. आंबट आणि चुना ही दोन्ही या धातूला खातात. पाण्याने मात्र तो गंजत नाही, कारण हवा लागताच त्याच्या अंगावर एक पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच त्याला पुढे राखतो. शाश्वततेवरच्या कितीतरी व्याख्यानांत जे सांगतात, ते सगळं त्या माउलीच्या व्यवहारात होतं: धातू महाग आहे हे ओळखणं, तो शेवटपर्यंत वापरणं आणि फेकून न देता मोजून परत करणं.

तो महाग का, हे विदर्भाच्या माणसाला समजावून सांगायला नको, पण आपण तिकडे बघत नाही. एक टन ॲल्युमिनियमसाठी चारेक टन बॉक्साइट खणावं लागतं आणि मागे लाल, क्षारयुक्त चिखलाचा डोंगर उरतो. मग भट्टीत वीज लागते, किलोमागे सुमारे १४ ते १५ युनिट. आपल्या देशात कोरबा, रेणुकूट, अंगुल, झारसुगुडा इथले मोठे कारखाने मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालतात. कोळशाची वीज म्हणजे काय ते चंद्रपूरला विचारा. २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र उशाशी घेऊन झोपणाऱ्या त्या शहरातल्या छतांवर काय साचतं, ते तिथल्या बाया रोज झाडतात. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर खाण नको, असं २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी एकामागून एक ठरवलं, ते याच बॉक्साइटसाठी. कोणाच्या तरी डोंगराचा आणि कोणाच्या तरी छातीतल्या धुराचा हिशेब आपल्या सिलिंगमध्ये असतो.

आकडा मांडून पाहू. आमच्या स्टँडचा हॉल साधारण ३०० चौरस मीटरचा. ०.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर चौरस मीटरला १.६ किलो, कडा आणि वरचा सांगाडा मिळून दोन किलो. म्हणजे ६०० किलो धातू. तो खाणीतून आलेला नवाकोरा असेल तर भट्टीतच सुमारे ९,००० युनिट वीज गेली. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या खेड्यातल्या घराची ही साडेसात वर्षांची वीज झाली. तोच धातू भंगार वितळवून केलेला असेल तर ऊर्जा विसाव्या हिश्श्याच्या आसपास, विजेच्या मापात ४५० युनिट. बघणाऱ्याला दोन्ही सिलिंगं सारखीच दिसतील, मोजमाप पुस्तिकेतही चौरस मीटर सारखेच भरतील. पण पहिलं ओझं आहे आणि दुसरं बचत आहे. ‘पुन्हा वापरता येतं’ हे वाक्य दोघांच्याही पत्रकावर छापलेलं असतं. मला त्यापेक्षा ‘आधी वापरलेलं आहे’ हे वाक्य हवं आहे, टक्केवारीसकट.

पीओपीवर अन्याय नको. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की पीओपी होतं. धातूच्या मानाने त्याचा सुरुवातीचा भार किरकोळ असतो, आणि जिथे छत गळत नाही तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडे छत गळतं. गडचिरोली-गोंदियाकडच्या पावसात तर पत्र्याचा एक वॉशर सैल झाला तरी पुरे. पीओपी पाणी पितं, जड होतं आणि पडतं, मग ते कोणाच्याच कामाचं राहत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी गळती दिसताच खाली काढता येते, वर जाऊन वॉशर बदलता येतो आणि पट्टी पुन्हा अडकवता येते. अशी तीस वर्षं गेली तर सुरुवातीचं ओझं फिटतं. पीव्हीसीबद्दल एवढंच म्हणतो की ते पेटलं तर विषारी, आम्लाचा धूर सोडतं, आणि जिथे एकाच दाराने दोनशे माणसं बाहेर पडायची असतात तिथे ते नको.

यापेक्षा तगडा आक्षेप माझ्या एका मित्राचा आहे. तो म्हणतो, परराज्यातला धातू कशाला, आपल्याकडे बांबू आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवाना हातात आला. बुरड कारागीर अजून तट्टे विणतात. मग स्टँडचं छत बांबूच्या तट्ट्यांचं का नको? मला हा प्रश्न मनापासून आवडतो आणि त्याचं अर्धं उत्तर ‘हो’ असं आहे. फाट्यावरचा निवारा तिन्ही बाजूंनी उघडा असतो, पाच-सात माणसांचा असतो. तिथे टिनाखाली तट्टा बांधा, वर कवेलू टाका, शेजारी लिंब लावा. दर चार-पाच वर्षांनी तट्टा बदलताना गावातल्याच कारागिराला काम मिळेल. तिथे ॲल्युमिनियम लावणं ही उधळपट्टी आहे. पण तालुक्याचं स्टँड बंदिस्त असतं, वायरी जुन्या असतात, कोपऱ्यात नाश्त्याच्या दुकानाचा गॅस असतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची देखणी बांबूची इमारत उभी राहत होती, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आगीत जळाली. बांबूवर माझं प्रेम कमी झालेलं नाही, पण दोनशे माणसांच्या डोक्यावर मला न पेटणारी वस्तू हवी.

आणि न पेटणारी म्हणताना एक सावधगिरी. दुकानात ‘ॲल्युमिनियमची शीट’ मागितली की पुष्कळदा एसीपी दाखवतात, दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये प्लॅस्टिक दाबलेलं. त्यातलं साधं, स्वस्त प्लॅस्टिक असलेलं प्रकरण पेट घेतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर अशाच पत्र्यांमधून आग चढत गेली आणि जून २०१७ मध्ये ७२ माणसं गेली. शिवाय प्लॅस्टिकला चिकटलेला धातू वेगळा करणं कबाड्याच्या आवाक्यात नसतं, म्हणजे परत देण्याचा मार्गही बंद. स्वस्त आहे म्हणून हे आमच्या स्टँडवर येण्याची मला खरी भीती वाटते, कारण नाव सारखंच आहे आणि सगळ्यात कमी दराची निविदा नावाकडेच बघते.

चोरीचा प्रश्न लोक पहिल्यांदा काढतात. रास्त आहे. ज्याला भंगारात भाव आहे ते चोरीला जातं, स्टँडच्या नळाच्या तोट्या कुठे टिकतात? पण तोटी हाताशी असते, सिलिंग चौदा फुटांवर. खास किल्लीनेच सुटणारे खटके आणि प्रत्येक पॅनलच्या पाठीवर ठोकलेला शिक्का, एवढ्याने कबाड्यालाही तो माल घ्यायला भीती वाटेल. माझी अधिक काळजी वानरांची आणि पारव्यांची आहे. आढ्याजवळ हवेची वाट ठेवली की पारवा तिथूनच शिरणार. तिथे बारीक जाळी लागते, आणि ती कोणी अंदाजपत्रकात धरत नाही. मग पाठीवर विष्ठा साचते आणि आपण वर मोजलेले सगळे गुण त्याखाली जातात. वानराने टिनावर उड्या मारून सैल केलेले खिळे हा तर आपल्याकडच्या प्रत्येक गळतीचा उगम आहे.

सरकारी कामात वस्तू लावताना जेवढे कागद होतात त्याच्या पावपटही ती काढताना होत नाहीत. काढलेला माल ‘निर्लेखन’, म्हणजे नोंदवहीतून कमी करणं, या एका शब्दात मावतो. सिलिंग उतरलं, निर्लेखित झालं, विषय संपला. ते कोणी नेलं, किती किलो भरलं, कुठे वितळलं, याची नोंद ठेवायला कोणाला सांगितलेलंच नसतं. जोवर ती नोंद नाही तोवर ‘शंभर टक्के पुनर्वापरयोग्य’ हा फक्त धातूचा स्वभाव आहे, आपला व्यवहार नाही. कबाडी तो माल उचलतोच, हे खरं. पण रंगीत पत्रा, स्टीलचे स्क्रू, भांड्यांचा पातळ धातू आणि इंजिनाचा ओतीव धातू एकत्र ढिगात गेला की त्यातून हलक्या प्रतीचंच काही बनतं, पुन्हा पत्रा बनत नाही. ज्याने बसवलं त्यानेच तीस वर्षांनी किंवा दुरुस्तीच्या वेळी ठरलेल्या सूत्राने, त्या दिवसाच्या भंगार भावाने, तोलून परत घ्यावं, अशी अट घालणं कठीण नाही. तोवर ती कंपनी राहील का, असं विचारतात. न राहिली तर लिलाव करा, पण वजनासकट करा आणि ती रक्कम त्याच स्टँडच्या छताच्या खात्यात जमा करा.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण पैसा आत्ता खर्च होतोय. १ मे २०२३ पासून बसस्थानकं स्वच्छ आणि सुंदर करण्याचं अभियान राज्यभर चाललं. रेल्वेच्या अमृत भारत योजनेत नूतनीकरण झालेल्या स्थानकांचं २२ मे २०२५ रोजी उद्घाटन झालं, त्यात आपल्याकडची मूर्तिजापूर, आमगाव, चांदा फोर्ट आणि नागपूरचं इतवारी होती. पुढे आणखी स्टँडं, आणखी स्थानकं येतील. एकदा चुकीचं सिलिंग डोक्यावर चढलं की पुढचा निधी यायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं माणसं त्याखाली बसतात.

मी आमच्या स्टँडसाठी अर्ज लिहिलाय, त्यावर आतापर्यंत चाळीसेक सह्या झाल्या आहेत, त्यात शाळकरी मुलींच्या जास्त. मागण्या साध्या आहेत. आधी टिनाची गळती काढा, बाहेरून पांढरा लेप द्या, आढ्याला जाळीसकट हवेची वाट ठेवा. हे करून पैसे उरले तरच सिलिंग, आणि ते एकसंध धातूचं, पाठीला कोरं, भंगारातून आलेल्या धातूचं प्रमाण लेखी सांगणारं, हाताने उतरवता येणारं. शेवटची मागणी एका मुलीने सुचवली, ती मी जशीच्या तशी घातली. एसटीच्या आत आसनसंख्या रंगवून लिहिलेली असते, तसं चौकशीच्या खिडकीशेजारी भिंतीवर लिहा: या छतात इतके किलो ॲल्युमिनियम आहे, अमुक साली बसवलं, अमुक जणांनी बसवलं.